गोधडीचं अस्तर

खरं म्हणजे मी बंबाचं हमीपत्र शोधत होतो. हमदान शहरात थंडी पडली की आमच्या इमारतीतले बंब एकेक करून आजारी पडतात, आणि दुरुस्तीवाला दारात उभा राहून पहिला प्रश्न विचारतो, "हमीपत्र आहे?" आमच्या घरात हमीपत्र असलंच तर ते तूबाने कुठंतरी जपून ठेवलेलं असणार, आणि तूबा होती स्वीडनमध्ये. आमच्या महशीदला मुलगा झाला, म्हणून तीन महिन्यांसाठी ती लेकीकडे गेली होती. त्याला आता चौदा महिने झाले होते. मूल रांगलं, उभं राहिलं, चालायला लागलं. हे तीन महिने काही संपेनात.

फोन करून तिलाच विचारायचं, असं कुणालाही वाटेल. पण आमच्या फोनची एक पद्धत ठरून गेली होती. सोमवारी आणि शुक्रवारी तिचा फोन यायचा. पहिली सहा मिनिटं नातवाचे दात. मग दीड मिनिट माझा रक्तदाब. मग ती विचारायची, "बाकी काय?" मी म्हणायचो, "बाकी काही नाही." मग नातू काहीतरी खाली पाडायचा आणि फोन संपायचा. या 'बाकी काय'ची मला धास्ती बसली होती. निवृत्त, एकट्या माणसाकडे तिसऱ्या मजल्यावर बाकी काय असणार? एकदा मी तिला सांगितलं, की समोरच्या कठड्यावर हल्ली दोन कबुतरं येऊन बसतात. पुढच्या फोनला तिने आठवणीने विचारलं, "कबुतरं बरी आहेत ना?" तिच्या आवाजात कीव होती. नुसरतुल्लाह साबेतगदम या माणसाची कबुतरांवरून कीव केली जावी, हे मला सहन झालं नाही. तेव्हा बंबाचं रडगाणं गायचं नाही, हमीपत्र आपणच हुडकायचं, असं मी ठरवलं.

ते मिळालं नाही. आजतागायत मिळालेलं नाही. मिळाली ती पलंगाखालची पत्र्याची पेटी. ती ओढून काढताना माझ्या कमरेत जी उसण भरली तिचा हिशेब वेगळाच. पेटीत गाठोडी होती. तूबाने चाळीस वर्षांत या घरातली एक चिंधी बाहेर जाऊ दिलेली नाही, हे मला ऐकून माहीत होतं. आता डोळ्यांनी पाहिलं. महशीदचा शाळेचा निळा झगा. आमच्या पहिल्या भाड्याच्या घरातला चेरीच्या फुलांचा पडदा. सासूबाईंच्या चादोरीचा, डोक्यावरून घ्यायच्या ओढणीचा, कोपरा. आणि एका गाठोड्यात माझा राखाडी कोट, म्हणजे कोटाचे नीट कापलेले सहा चौकोन.

हा कोट सतरा वर्षांपूर्वी आमच्या लाँड्रीवाल्याने हरवला होता. निदान मी तसं चारचौघांत, त्याच्या दुकानात उभं राहून जाहीर केलं होतं. त्यानंतर तो बिचारा समोरून दिसला की मी रस्ता ओलांडून पलीकडे जायचो. तो चार वर्षांपूर्वी वारला. आता कोट सापडला, पण माफी कुणाची मागायची? तूबाने त्या वेळी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. कोपरावर विरलेला कोट मी आणखी दहा वर्षं घातला असता, हे तिला माहीत होतं. तसा मी घातलाच असता.

सगळ्यात वर होती अर्धवट राहिलेली चाळीस तुकड्यांची गोधडी. पाच रांगा, प्रत्येकीत आठ. एकोणतीस तुकडे जोडलेले, अकरा बाकी. शेवटच्या तुकड्याला निळ्या दोऱ्यासकट सुई टोचलेली होती, जणू काही तूबा स्वयंपाकघरात चहा बघायला उठली होती आणि आता येऊन बसेल.

मी ती सुई काढली. इथून माझ्या अधोगतीला सुरुवात झाली.

आता, मी बत्तीस वर्षं वजन-माप तपासणी खात्यात निरीक्षक होतो. हमदानच्या बाजारातला प्रत्येक तराजू आणि प्रत्येक गज मला ओळखून होता. चौकोन म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. अकरा चौकोन, चार चार बाजू, प्रत्येक बाजू तीस सेंटिमीटर. चार दिवसांचं काम. खालून अस्तर लावायचं, आत कापूस भरायचा, आणि नवरोजला, नव्या वर्षाला, तूबा आली की पलंगावर अंथरून काहीच न बोलता उभं राहायचं. येते का बघू, असं ती नवरोजबद्दल म्हणाली होती. 'येते' आणि 'बघू' यांतलं मी सोयीचं तेवढं ऐकलं होतं.

चार दिवसांनी माझ्याकडे तीन चौकोन झाले आणि त्यांतला एकही चौकोन नव्हता. कागदावर जी रेघ सरळ येते ती कापडावर का येत नाही, यावर विज्ञानाने विचार करायला हवा. सुईने डाव्या हाताच्या तीन बोटांवर कब्जा केला. शेवटी मी तूबाचं शिलाईचं मशीन बाहेर काढलं आणि पडदे ओढून घेतले. पडदे अशासाठी, की समोरच्या इमारतीतले लोक माझ्याकडे आदराने बघतात, आणि माप-निरीक्षक पायमशीनवर बसून जीभ बाहेर काढून शिवताना दिसू नये.

पडदे ओढले हे चुकलं.

आठवड्याने आमच्या इमारतीचे व्यवस्थापक, इंजिनियर रफीई, दारात उभे राहिले. इंजिनियर कसले ते कुणालाच माहीत नाही, पण जिन्यातल्या दिव्यापासून दुसऱ्यांच्या संसारापर्यंत सगळं त्यांच्या अखत्यारीत येतं. चपला काढायच्या आधीच ते म्हणाले, "माझं काही म्हणणं नाही, नुसरत आगा."

"मग बसा. चहा घ्या."

"चहा नको. दुपारी दोन ते पाच तुमच्याकडे शिलाईचं मशीन चालतं. पडदे बंद असतात. तूबा खानम परदेशी आहेत. मग मशीनवर बसतं कोण?"

"मी."

इंजिनियर साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुरुषाने पुरुषाला खरं सांगावं हो. इमारतीत बोलतायत, तुम्ही मुदतीचा निकाह लावून एक शिवणकाम करणारी आणून ठेवलीय म्हणून. लोकांची तोंडं मी धरू का? दुसऱ्या मजल्यावर तर तिचं वयसुद्धा ठरलंय, पस्तीस."

मी खवळलो. माझ्या चारित्र्यावर असा घाला चौसष्ट वर्षांत कुणी घातला नव्हता. पण खरं सांगतो, खवळत असताना मनाच्या एका कोपऱ्यात असंही आलं, की लोकांना हे शक्य वाटलं म्हणजे मी अजून इतका काही गेलेला दिसत नाही. मी त्यांना आत नेलं, गोधडी दाखवली, बोटं दाखवली. त्यांची अगदी निराशा झाली. मग ते खाली जाऊन पाणसळ घेऊन आले. गवंडी भिंत तपासायला वापरतात ती. ती त्यांनी माझ्या गोधडीवर ठेवली आणि मान हलवली.

"तिरकी आहे."

"गोधडी आहे ती. पाया नाही."

"तिरकं ते तिरकंच," इंजिनियर म्हणाले. तेवढं सांगून ते गेले, आणि बाईची अफवा मिटली. तिच्या जागी मी घरात कारखाना काढल्याची अफवा सुरू झाली. बाईपेक्षा ही जास्त महागात पडली, कारण ती कुणीतरी कागदावर लिहून कळवली. दहा दिवसांत नोटीस आली: राहत्या जागेत परवान्याशिवाय शिवणकामाचा व्यवसाय.

ती कचेरी कुठली ते मी सांगणार नाही. मीही सरकारी माणूस होतो, आणि आपल्याच माणसांची आपण किती बदनामी करायची. खिडकीमागे एक सभ्य मुलगी होती. मी सांगितलं, की माझ्याकडे कारखाना नाही.

"मग बंद केल्याचा अर्ज भरा, आगा."

"जो नाही तो बंद कसा करू?"

"बरोबर आहे," ती म्हणाली. "बंद करायचा तर आधी नोंदवलेला हवा. हा नोंदणीचा अर्ज."

आम्ही दोघांनी मिळून तो भरला. अशा रीतीने मी दोन दिवस 'साबेतगदम शिवण केंद्रा'चा मालक होतो. तिसऱ्या दिवशी बंद करायला गेलो तेव्हा तिने विचारलं, "कामगार किती?"

"एक. मीच."

"घरात राहणारी माणसं?"

"दोन."

"सध्या राहणारी लिहायची असतात."

मी तिच्या खिडकीच्या काचेवरच्या गोल भोकाकडे बघत राहिलो. मागे रांग होती. "मग एक," मी म्हणालो. तिने एक लिहिलं, वर मान करून बघितलं, आणि कुठलंही कारण नसताना म्हणाली, "थंडी फार पडलीय ना यंदा?" शिक्का मात्र तिने अगदी हळू मारला.

त्या शुक्रवारी तूबाने विचारलं, "बाकी काय?" माझ्याकडे इतक्या महिन्यांत पहिल्यांदा एवढं बाकी होतं, की मला जीभ चावून गप्प बसावं लागलं. "काही नाही," मी म्हणालो. "तुमचा आवाज वेगळा येतोय," ती म्हणाली. मी पडसं झालंय असं सांगितलं. मग तिने दोन मिनिटं मला ओव्याचा काढा सांगितला. नातवाच्या दातांतून कापून दिलेली ती दोन मिनिटं मी कितीतरी दिवस पुरवून पुरवून आठवली.

चाळीस तुकडे एकदाचे पुरे झाले. आता कापूस. उस्ता यदुल्लाह हा आमच्या भागातला शेवटचा पिंजारी. त्याला दुकानात यंत्र ठेवायला जागा नाही म्हणून तो अजून कापूस पिंजायची धनुकली घेऊन दारोदार जातो. त्याने आमची जुनी गादी उसवली, आतला कापूस बघितला आणि तूबाच्या बारशापासूनचा आहे असा निकाल दिला. "पण जीव आहे यात," तो म्हणाला. "उन्हात पिंजला की फुलेल. वारा नसलेला दिवस बघा."

वारा नसलेला दिवस मी बघितला. आल्वंदच्या डोंगरावर त्या दिवशी ढगाचा ठिपका नव्हता. खालच्या अंगणात उस्ताने चादर अंथरली, धनुकली वाजायला लागली, आणि कापूस असा फुलला की बघतच राहावं. दुपारी इंजिनियर साहेबांनी आपली गाडी धुतली. ती अंगणात ओली उभी असताना डोंगरावरून एकच झुळूक आली. एकच. नंतर दिवसभर पान हललं नाही. पण तेवढ्यात गादीचा चौथा हिस्सा गाडीवर जाऊन बसला आणि चिकटला. इंजिनियर खाली आले तेव्हा त्यांच्या जागेवर एक भली मोठी मेंढी उभी होती. उस्ता यदुल्लाह तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "आगा, असाच राहू द्या. थंडीत गाडी लवकर चालू होईल."

त्या संध्याकाळी मी, उस्ता आणि इंजिनियर तिघांनी मिळून ती मेंढी सोलली. त्यानंतर इंजिनियरनी महिनाभर माझ्याशी अबोला धरला. पण मधून मधून जिन्यात थांबून ते माझ्याशी बोलत नसल्याचं मला सांगायचे.

राहिलं अस्तर. त्यासाठी बाजारात जाणं आलं, आणि बाजारात पांढरं जाड कापड विकणारा चांगला दुकानदार एकच, हाजी सेफात. त्यांचा गज मी एकोणीस वर्षांपूर्वी जप्त केला होता. दोन बोटं आखूड होता. मला बघितल्याबरोबर हाजी गादीवरून उठले, नको तेवढे वाकले आणि गज दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. "तुमच्यासमोर आम्ही काय मोजणार? आपणच मोजा, निरीक्षक साहेब." दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. मी मोजलं. असं मोजलं, की कापड कसं मोजावं याचा तो धडाच होता. बायका बघत राहिल्या. घरी येऊन पसरलं तर वीतभर कमी. दुमडीचा आणि जोडाचा हिशेब मी धरलाच नव्हता.

दुसरा कुणी असता तर परत जाऊन वीतभर मागून आला असता. मी ते कापड कापसाची आतली खोळ करून वापरून टाकलं आणि पुन्हा पेटी उघडली. तळाशी, सगळ्या गाठोड्यांच्या खाली, एक गाठोडं होतं हिरव्या रुमालात बांधलेलं. गाठ इतकी घट्ट की दातांनी सोडावी लागली. आत दोन लांबलचक पांढरे ताग्याचे तुकडे, कोरे, नीट घडी घातलेले. त्यांना कसलासा जुना वास होता. पेटीचा असेल. शेजारी शेजारी जोडले तर बरोबर गोधडीची रुंदी. उरलेल्याची काठाला पट्टी. मला इतका आनंद झाला, की मी त्या दिवशी भात शिजवला.

आणि गोधडी झाली. वाकडी होती, एका कोपऱ्यात कापूस गोळा झाला होता, महशीदचा निळा झगा उलट्या बाजूने लागला होता, पण झाली. तीन रात्री मी ती पांघरून झोपलो आणि तूबा गेल्यापासून झोपलो नव्हतो तसा झोपलो.

अख्तर खानमना दाखवणं भाग होतं. त्या पहिल्या मजल्यावर राहतात, तूबाच्या जिवाभावाच्या मैत्रीण, आणि माझ्या प्रत्येक टाक्यावर त्यांनी जिन्यातून सल्ला दिला होता. सकाळी दहाला त्या आल्या, चष्मा लावला, आणि चौकोन मोजत गेल्या. "हा तुमचा... हा तूबाचा... हा तुमचा. लांबून कळतं हो." मग त्यांनी गोधडी उलटी केली. पांढऱ्यावरून हात फिरवला. नाकाशी नेलं. आणि जमिनीवर बसल्या.

"नुसरत आगा, हे कुठून घेतलंत?"

"पेटीतून. तळाशी होतं. का?"

"हिरव्या रुमालात?"

"हो."

"अहो, हा कापराचा वास आहे!" त्यांनी तोंडावर चादोर ओढली. "करबलाला गेलो होतो आम्ही, मी आणि तूबा. तिने इमामांच्या कबरीच्या जाळीला लावून आणलंय हे. कफन आहे ते, नुसरत आगा. तिचं आणि तुमचं."

मी म्हणालो, "दोन होते." हे असं का म्हणालो कोण जाणे.

"दोनच असणार. तुम्ही किती लावले?"

"दोन्ही लागले."

अख्तर खानम पुढे-मागे झुलायला लागल्या. मला कधी सांगितलं नव्हतं तूबाने. सांगणार कशी? घरात मरणाचं नाव निघालं की मी उठून बातम्या लावतो. चाळीस वर्षांत तिने मला एवढं ओळखलं होतं.

पण अख्तर खानम जे पुढे बोलल्या त्याने मी खरा हादरलो. कफनाने नाही. "मी बायकांना सांगायचे," त्या नाक पुसत म्हणाल्या, "खालच्या झरीनला, सगळ्यांना. त्या म्हणायच्या, तूबा गेली ती गेली, लेक-नातू सोडून कोण येतंय इकडे. मी म्हणायचे, तिचं कापड इथे आहे ना? मग येणार. दहा वर्षांनी का होईना, येणार. आता मी काय सांगू त्यांना?"

म्हणजे इमारतीत माझ्या बायकोच्या येण्या-न येण्याची चर्चा चालू होती, त्यात एक पुरावा माझ्या बाजूचा होता, आणि तो मी कात्रीने कापून वर काठाला पट्टी लावली होती.

दुपारी मी धर्माच्या प्रश्नांसाठी एक फोन नंबर असतो तो फिरवला. आवाज कोवळा होता, पण चांगला होता.

"विचारा, हाज आगा."

"एका कफनाची चुकून गोधडी झाली आहे."

"मय्यत कुठे आहे?"

"स्वीडनमध्ये."

"अल्लाह त्यांना शांती देवो. कधी वारल्या?"

"वारल्या नाहीत. नातवाला सांभाळतायत."

"मग कफन कुणाचं?"

"त्यांचं. आणि माझं."

"आपण..." तो तरुण फार जपून म्हणाला, "आपण हयात आहात?"

"आत्तापर्यंत तरी," मी म्हणालो.

पलीकडे खोकल्यासारखा आवाज आला. तो हसत होता असं मी म्हणणार नाही. मग त्याने नीट समजावून सांगितलं: कापड कापड असतं, माणूस जाईपर्यंत त्याला कफन म्हणत नाहीत, पांघरण्यात पाप नाही. "पण हाज आगा, कापड खानमच्या मालकीचं होतं. त्यांची परवानगी हवी. त्यांना सांगावं लागेल." आणि फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, "ऊबदार झालीय का?"

"फार," मी म्हणालो.

शुक्रवार यायला तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत मी गोधडीला हात लावला नाही. तिची घडी करून तूबाच्या बाजूला ठेवली आणि माझा सध्याचा हिवाळी कोट घालून झोपलो. शुक्रवारी दात झाले, रक्तदाब झाला. "बाकी काय?" तूबा म्हणाली.

मी सांगितलं. बंबापासून सांगितलं. कोट, पडदे, पस्तिशीतली बाई, पाणसळ, शिवण केंद्र, मेंढी, हाजी सेफात. मी कधी इतका बोललो नव्हतो. हिरव्या रुमालाशी आलो आणि थांबलो.

"रुमाल सोडलात?" ती म्हणाली.

"दातांनी."

"दोन्ही वापरलेत?"

"दोन्ही. उरलेल्याची पट्टी केली."

काहीच ऐकू येईना. नातूसुद्धा काही पाडेना. मला वाटलं लाइन गेली. मी दोनदा हॅलो म्हणालो. मग नाकातून घेतलेला एक लांब श्वास ऐकू आला, आणि मला कळेना, की ती रडतेय की काय करतेय.

"तूबा खानम, मी नवीन आणतो. करबलाला जातो हवं तर."

"कमरेत उसण भरलेला माणूस करबलाला जातोय," ती म्हणाली. आवाज जड होता. "रात्री काय पांघरता हल्ली?"

"कोट."

"वेडे आहात. मेल्यावर कुणाला थंडी वाजत नाही, तुम्हाला आत्ता वाजतेय. ती गोधडी पांघरा." मग म्हणाली, "आणि एक ऐका. मी येईपर्यंत मरू नका. घरात कापड नाही."

मी बरं म्हणालो. त्या दिवसापासून मी जिना कठड्याला धरून उतरतो.

नवरोजला ती आली नाही. नातवाला गोवर निघाला. नवरोजनंतर पाच आठवड्यांनी, बदामाचा मोहोर गळून गेल्यावर आली. मी तेहरानला विमानतळावर घ्यायला गेलो. काचेपलीकडे ती मला आधी ओळखूच आली नाही. तिच्या अंगात लेकीचं पिवळं जाकीट होतं आणि ती माणसं बघत होती, मला शोधत होती, आणि मी हात वर करायचं विसरून तिच्याकडे बघत उभा होतो. गाडीत तिने पर्समधून पाण्याची बाटली काढली तेव्हा तिकिटाचा कागद बाहेर आला. परतीची तारीख सहा आठवड्यांनंतरची होती. तिने तो परत आत ठेवला. महशीदला दुसरं होणार आहे, एवढंच म्हणाली. मी अभिनंदन म्हणालो. खिडकीबाहेर मीठ पडलेली जमीन होती, बराच वेळ होती.

घरी आल्यावर तिने गोधडी पलंगावरून उचलून खिडकीशी नेली. माझा एक एक टाका अंगठ्याने दाबून बघितला. इमारतीतल्या बायका दारात जमल्या होत्या, सगळ्यांत पुढे अख्तर खानम, सगळ्यांत मागे इंजिनियर.

"हा झगा उलटा लागलाय," तूबा म्हणाली.

"हो."

"राहू दे." आणि ती गोधडी अंगावर घेऊन बसल्या बसल्या आडवी झाली आणि सगळ्यांसमोर झोपली. बायका पावलं न वाजवता गेल्या.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "चला, कापड बघून येऊ."

इमामजादेच्या दर्ग्याच्या दाराशी एका म्हाताऱ्याचं एवढंसं दुकान आहे, कापूर, साबण, पांढरं कापड. मी बाहेर थांबतो म्हणालो; तिने बाहीला धरून आत घेतलं. म्हाताऱ्याने आम्हा दोघांकडे बघितलं, जसा बुटांचा दुकानदार पायांकडे बघतो तसं. माझी उंची त्याने तिथल्या तिथे मोजली असावी.

"एक देऊ का दोन?" त्याने विचारलं.

मी छताकडे बघायला लागलो. छताला ओल आली होती. सहा आठवड्यांतले चार दिवस गेले होते, महशीदला दुसरं होणार होतं, आणि तिकडेही माणसं मरतात, त्यांनाही कुठंतरी पुरतात. एक म्हणाली असती तर मी काहीच बोललो नसतो. तशी शपथच घेतली होती.

"दोन," तूबा म्हणाली. आणि लगेच त्याच्या हातातलं कापड ओढून उजेडाला धरलं. "हे विरळ आहे. जाड दाखवा."

त्याने जाड दाखवलं. तिने दोन्हींची किंमत तोडली, अशी तोडली की म्हाताऱ्याने शपथा घातल्या. मग त्याने कागद काढला. "वेगवेगळं बांधू, खानम?"

"एकत्र बांधा," ती म्हणाली. "आणि वर नावं लिहा, दोन्ही. मोठ्या अक्षरांत. चष्म्याशिवाय वाचता येतील अशी."

म्हाताऱ्याने लिहिलं. माझं नाव लिहिताना त्याने एक अक्षर गाळलं. मी ते त्याला दाखवून दुरुस्त करून घेतलं. मग पुडकं मी काखेत मारलं, आणि आम्ही संगक रोटी घ्यायला भट्टीकडे वळलो, कारण रांग लागायच्या आत पोचायचं होतं.